गप्प झालेली टाकी

२७ जानेवारी २०२५, सोमवार

आज द्राक्षाची तोडणी संपली. हात चिकट, पाठ मोडलेली, आणि तरी सगळे उगाच हसत होते.

वरोऱ्याच्या पुढे, चिमूरच्या रस्त्यावर ही मुरमाड जमीन घेतली तेव्हा लोक म्हणाले, कूलरवाल्याचंच डोकं गरम झालं. त्यांचं चूक नव्हतं. मी पत्रा ठोकून वर आलेला माणूस. चंद्रपुरात निम्म्या खिडक्यांना माझे कूलर आहेत, आणि कोणत्या गल्लीत कोणाचा पंप खरखरतो ते मी स्कूटरवरून जाता जाता सांगतो. द्राक्षातलं मला काही कळत नाही. ते उर्वशीला कळतं. आमची एकुलती एक. नाशिकला शिकली, तिथेच एका वायनरीत नोकरी केली, आणि दोन वर्षांपूर्वी बॅग घेऊन घरी आली. म्हणाली, "बाबा, आपल्या वेली, आपली वाइन."

तेव्हापासून आमच्याकडे बायोडायनॅमिक सुरू आहे. म्हणजे औषधं नाहीत, रासायनिक खत नाही. छाटणी चंद्र पाहून. नवरात्रात गाईच्या शिंगात शेण भरून जमिनीत पुरायचं, उन्हाळ्याच्या तोंडी काढायचं आणि चिमूटभर बादलीभर पाण्यात ढवळून वेलींना शिंपडायचं. पहिल्या वर्षी शिंगं पुरली आणि तिसऱ्या दिवशी कोणीतरी उकरून पाहिली. गुप्तधन असेल म्हणून. निघालं शेण. पण जाताना पुन्हा नीट पुरून, वर माती दाबून गेले. आमच्याकडचे चोरही सज्जन.

खरी गोष्ट लिहायची राहिलीच. नाशिकवाल्यांनी उर्वशीला परत बोलावलं आहे, मोठ्या हुद्द्यावर. एक एप्रिलला हजर व्हायचं. घरात ठरलं असं की ही पहिली वाइन तिच्या मनासारखी ड्राय झाली, आणि मोहर्लीच्या रिसॉर्टवाल्या गुणवंतरावांनी घेतली, तर ती इथेच राहील. नाहीतर नाशिक.

मी म्हटलं, "जा नं. मोठं काम आहे. मी काय अडवून राह्यलो?"

बापाने असंच बोललं पाहिजे. सरिता माझ्याकडे बघत भाकर थापत राहिली. तिची भाकर आज जरा जाडच झाली.

३१ जानेवारी, शुक्रवार

मंगळवारी रस काढून दोन टाक्यांत भरला. मोठीत खालच्या वावराचा, लहानीत वरच्या टेकाडावरच्या वेलींचा. लहानीतला रस उर्वशीचा लाडका. गुणवंतरावांना हाच द्यायचा.

बाहेरचं यीस्ट टाकायचं नाही असा तिचा नियम. द्राक्षाच्या सालीवर निसर्गाने जे ठेवलं आहे त्यानेच रसातली साखर खायची आणि दारू करायची. सगळी साखर संपली, गोडवा उरलाच नाही, की ती ड्राय. मी म्हटलं, "बिना विरजणाचं दही लावून राह्यली तू." ती म्हणाली, "हो. लागते की नाई पाहा."

टाकीच्या झाकणातून एक नळी निघते आणि पाण्याच्या बरणीत बुडते. आत काम सुरू झालं की बरणीत बुडबुडा येतो. तीन दिवस काही नाही. आज संध्याकाळी मी शेडमध्ये उभा होतो आणि ऐकू आलं. बुडुक. मग बराच वेळ शांत. मग पुन्हा, बुडुक.

मी ओरडलो, "सरिता! चालू झाली व!"

चाळीस वर्षं पंप चालू करून पाहिले. असा आनंद एकाही पंपाने दिला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

साळा आदेश आला होता आरमोरीहून. वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्हा, तिकडे दारूबंदी. म्हणून तो इकडे आला की त्याला तहान जास्त लागते. उर्वशीने मोठ्या टाकीतलं दोन घोट काढून दिलं. अजून अर्धवट, गोडसर, गढूळ.

"वा!" म्हणाला. "भाऊजी, हेच ठेवा. इथीच थांबवा. गोड आहे तं लोक घेतीन."

उर्वशी म्हणाली, "मामा, अजून साखर जायची आहे. आंबट होईल थोडी."

"आंबट? आंबट प्यायले तं घरी ताक आहे."

जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाला की तिकडे जंगलात मोहाचं मडकं गप्प पडलं की गुळाचा खडा टाकतात, लगेच जागं होतं. "मी ऐकलं बा. मी करत नाई."

"तुले कोण म्हणते तू करते?"

"म्हणूनच सांगून राह्यलो."

एक बाटली घेऊन जा म्हटलं तर दोन्ही हात वर केले. पुलावर चौकी आहे. "पोटात घेऊन जातो, भाऊजी. पोटाले चौकी नाई." बस पकडून गेला. बसमध्येच झोपला असणार.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज काही गोड लिहिण्यासारखं नाही.

लहान टाकी गप्प आहे. काल बुडबुडे विरळ होते. आज मी बरणीपाशी उभा राहून चहा थंड होईपर्यंत ऐकलं. एकही नाही. टाकीच्या पत्र्याला कान लावला. आतली ती बारीक चरचर, कढईत जिरं टाकल्यासारखी, तीही बंद. मोठी टाकी बाजूला बुडुक बुडुक करते आहे आणि ही मेल्यासारखी.

मला गप्प यंत्राचा अनुभव आहे. कूलर खरखरतो तोवर दुरुस्त होतो. गप्प झाला की गेला.

घरी आलो तर मायलेकी स्वयंपाकघरात हसत होत्या. मी दारात येईपर्यंत उर्वशीचं वाक्य कानावर आलंच: "आई, बाबाले आत्ताच नोको सांगू. रविवारी सांगू." मला पाहिलं तशा दोघी चूप.

म्हणजे तिला माहीत आहे. टाकी बंद पडली, आणि मला कळू देत नाही. हसत होत्या त्या मला संशय येऊ नये म्हणून. माझे कान असे आहेत की घरात कोणी काही लपवू शकत नाही.

रविवारी गुणवंतराव येणार आहेत. पोरगी त्यांच्यासमोर काय ठेवणार? आणि मग एक एप्रिल.

विचारलं असतं, पण ती रडली असती. रडलेलं मला ऐकवत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती. दुकान बंद. दोघी गावातल्या कार्यक्रमाला गेल्या होत्या.

वरोऱ्याहून पाच किलो गूळ आणला. साधा नाही, सेंद्रिय. पाकिटावर तसं छापलं आहे. उर्वशीचा नियम मला ठाऊक आहे, तो मोडायचा नव्हता. कोमट पाण्यात विरघळवला, गाळला, शिडीवर चढून लहान टाकीत हळूच ओतला आणि झाकण घट्ट लावलं.

 कोणाचा बंद पडलेला पंप चालू करतो, तसंच सरावाने केलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बुडुक!

संध्याकाळी तर दोन-दोन बुडबुडे जोडीने. मी शेडमध्ये एकटाच हसलो. उर्वशी त्या काचेच्या तरंगत्या नळीने साखर मोजत बसली होती. एकदा मोजली, पुसली, पुन्हा मोजली. कपाळाला आठ्या. "असं कसं झालं?" स्वतःशीच म्हणाली.

मी म्हटलं, "चालू आहे नं? मग झालं."

माझ्याकडे तिने असं पाहिलं की मी दुकानात काम आहे म्हणून निघालो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी सरिताचा आवाज आला. "अजी, इकडे या जरा."

हा आवाज मला माहीत आहे. ओरडते तेव्हा काही नसतं. असं थंड बोलते तेव्हा जावंच लागतं.

मुंगळे. माझ्या स्कूटरच्या डिकीतून निघालेली काळी रांग शेडच्या भिंतीवरून, शिडीच्या एकेका पायरीवरून, थेट लहान टाकीच्या झाकणापर्यंत. रेल्वेची लाइन टाकल्यासारखी. शिडीच्या वरच्या पायरीवर उर्वशी बसलेली. झाकणाच्या कडेला वाळलेला तपकिरी ओघळ तिने बोटाने खरवडला आणि चाटून पाहिला.

"बाबा, टाकीत काय टाकलं?"

"गूळ," म्हटलं. "सेंद्रिय."

"काऊन?"

"बंद पडली होती नं. तू माझ्यापासून लपवून राह्यली होती. मी ऐकलं सगळं. रविवारी सांगू म्हणे."

तिने बोट पुसलं. मग खाली उतरली.

"बाबा, बंद नोहती पडली. झाली होती. साखर संपली म्हणून गप्प झाली. तेच तं पाह्यजे होतं मले. मंगळवारीच झाली."

"मग सांगतलं काऊन नाई?"

"रविवारी पहिला ग्लास तुमाले द्यायचा होता. गुणवंतरावाच्या आधी."

कोणी कानशिलात मारली असती तर बरं वाटलं असतं. सरिता म्हणाली, "जिल्ह्यात सगळ्याहून तेज कान. आणि ऐकून समजलं काय, तं डोंबल."  

उर्वशी फोन घेऊन टेकाडावर गेली. तिथेच नेटवर्क येतं. बराच वेळ कोणाशी तरी बोलत होती. हातवारे दिसत होते, शब्द तेवढ्या दुरून माझ्या कानालाही पोचले नाहीत. नाशिकवाल्यांशीच असणार. मार्चमध्येच येऊ का म्हणून विचारत असेल. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि मला म्हणाली, "चहा ठेवू का?" रागावलेल्या पोरी असा गोड चहा देतात ते मला फार जड जातं.

गुणवंतरावांना मीच फोन केला. चूक माझी, तोंडही माझंच पाहिजे. सगळं सांगितलं. ते इतके हसले की फोन कानापासून लांब धरला.

"धनराजभाऊ, वाइनीत गूळ! आमच्या खानसाम्याले सांगू नका, नोकरी सोडून देईल."

"मोठी टाकी आहे, साहेब. गुळाशिवाय."

"होळीनंतरच्या रविवारी येतो. पण तेव्हा ड्राय पाह्यजे. आमच्याकडे वाघ पाहायले येणारे गोड पीत नाहीत. नाई झाली तं मले दुसरीकडून घ्या लागन, राग मानू नका."

राग कसला. आता मोठ्या टाकीवर सगळं.

२ मार्च, रविवार

उर्वशी रोज संध्याकाळी मला शेडमध्ये बोलावते. आधी वाटलं राग काढेल. ती म्हणाली, "ऐका आणि सांगा, किती साखर उरली असंल."

मी कान लावला. "थकून राह्यली. चढावर डबल सीट चाललेल्या लुनासारखी. पण वर पोचंल."

तिने मोजलं आणि हसली. म्हणाली, "लुना बरोबर आहे."

तेव्हापासून रोज हाच खेळ. आज ती म्हणाली, पुढच्या वर्षी टेकाडाच्या पलीकडच्या उतारावर आणखी वेली लावू, खड्डे पाऊस पडायच्या आत घ्या. मी हो म्हटलं. जाणारी पोरगी, जाता जाता बापाला काम लावून देते. तिचा स्वभावच तसा.

५ मार्च, बुधवार

टाक्या थंड ठेवणारं मशीन दुपारी बंद पडलं. बाहेर ऊन असं की शेडचा पत्रा तडतडतो. टाकी गरम झाली की यीस्ट मरते, साखर तशीच राहते, आणि वासही जातो. आता खरंच मरायची वेळ होती.

बल्लारपूरहून ताबिश आला. फ्रीज-एसीचं काम करतो. कधी काळी माझ्याकडे पत्रा कापायला शिकला, म्हणून अजून उस्ताद म्हणतो. मशीन उघडून पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

"उस्ताद, कंप्रेसर गेला. नागपूरहून मागवावा लागेल. पुढच्या आठवड्याच्या आत होत नाही."

उर्वशी भिंतीला टेकून उभी होती. चेहरा उतरलेला. मी म्हटलं, "ताबिश, इतकी वर्षं आपण माणसं थंड केली. टाकी कोण लागून गेली?"

तो माझ्याकडे बघतच राहिला, मग दात काढले. "टाकीला कूलरमध्ये बसवायचं?"

"टाकीलेच कूलर करायचं."

दुकानातून खसच्या ताट्या, चार पंप, दोन मोठे पंखे, धान्याची जुनी पोती, सगळं टेम्पोत घालून आणलं. टाकीला पोती गुंडाळली, त्यावर ताट्या बांधल्या, वरून गोल पाइपला भोकं पाडून पाणी सोडलं, दोन्ही बाजूंनी पंखे. ताबिश पाइप वाकवताना म्हणाला, "उस्ताद, याला ग्यारंटी किती?"

"होळीपर्यंत."

"मग आपल्या नेहमीच्या कूलरपेक्षा जास्तच आहे की."

सरिताने सगळ्यांना तिथेच मासोळीचं कालवण आणि भात वाढला. शेडभर खसचा गार वास. उर्वशीने टाकीच्या थर्मामीटरकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. "बाबा, उतरून राह्यलं!" आणि ओल्या हाताने माझ्या पाठीवर थाप मारली. सदऱ्यावर पाच बोटांचा ओला ठसा उमटला. मी बराच वेळ सदरा बदलला नाही.

९ मार्च, रविवार

ताट्या ओल्या, पंखे चालू, टाकी बोलते आहे. हळू, पण बोलते.

मला आता उलटीच काळजी. आधी ती गप्प होईल म्हणून भीत होतो. आता गप्प होत नाही म्हणून भितो.

१२ मार्च, बुधवार

सकाळी शेडमध्ये गेलो. पंख्यांचा आवाज, ताट्यांवरून पाणी टपकण्याचा आवाज. पंखे बंद केले. बरणीकडे पाहिलं. पाणी स्थिर. पत्र्याला कान लावला. काही नाही. काहीच नाही.

मी हात मागे बांधून घेतले. खरंच बांधले, एका हाताने दुसरं मनगट धरून. हाक मारली, "उर्वशी, ये बेटा. ही चूप झाली."

तिने मोजलं. तरंगती नळी खोल गेली आणि थांबली. सरिता पदराला हात पुसत दारात.

"झाली," उर्वशी म्हणाली. एवढंच.

मग तिने नळ उघडून अर्धा ग्लास काढला आणि मला दिला. गढूळपणा अजून थोडा होता, पण खाली पिवळसर हिरवा उजेड. पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं, खोटं का लिहू. आदेश म्हणाला तसं आंबट. पण गिळल्यावर काहीतरी मागे राहिलं. कच्च्या बोराची साल. लिंबाचं पान हातात चुरगाळल्यावर येतो तो वास. आणि नव्या मडक्यातलं पहिलं पाणी. दुसरा घोट मी मागून घेतला. तिसरा सरिताने माझ्या हातातून.

"गोड नाई," ती म्हणाली, आणि पुन्हा प्यायली. "बरं वाटते."

१६ मार्च, रविवार

गुणवंतराव आले. कानामागे होळीचा गुलाबी रंग अजून लागलेला. मी स्वच्छ सदरा घातला होता, आणि तो माझ्या अंगात लाकडासारखा उभा होता.

सरिताने कोथिंबीर भरून सांभारवडी तळली होती. गुणवंतरावांनी आधी वास घेतला, मग घोट, मग डोळे मिटले, मग वडी. वडी तोंडात असतानाच ग्लास पुन्हा पुढे केला. आम्ही तिघं रांगेत उभे, शाळेत निकालाला उभे राहावं तसे.

"कढीसोबत चालंल का?" सरिताने मध्येच विचारलं. मी तिला कोपर मारलं.

"बाई, वडीसोबत तं चालूनच राह्यली," गुणवंतराव म्हणाले. "पोरी, मोठी टाकी पूर्ण माझी. दुसऱ्या कोणाले बोलू नको."

उर्वशीने मान हलवली. सरिताने डोळ्याला पदर लावला आणि तेल उडालं म्हणाली.

मग त्यांचं लक्ष लहान टाकीकडे गेलं. "आणि ही?"

"ही बाबाची," उर्वशी म्हणाली. गूळवाली पण आता गप्प झाली होती, सगळा गूळ खाऊन. रंग जरा गव्हाळ, कडक. गुणवंतरावांनी घोट घेतला आणि क्षणभर श्वास घेतला नाही. "ही विकू नका," म्हणाले. "पुढच्या होळीले मले बोलवा. आदल्या दिवशीच येतो, आणि मुक्काम करतो."

ते गेल्यावर आम्ही शेडबाहेर बसलो. मी ठरवून ठेवलेलं बोललो. शहाण्या बापाने बोलावं तसं. "ठरलं तसं झालं. तरी तुझं मन नाशिककडे असंल तं जाय. या टाकीच्या नावानं अडकू नोको. आम्ही पाहून घेऊ."

उर्वशी वडी खात होती. "नाशिकवाल्याहीले मी कधीचं नाई म्हटलं, बाबा."

"कधी?"

"तुमचा गूळ सापडला त्या दिवशी. टेकाडावर जाऊन."

"माल खराब झाला त्या दिवशी?" मला कळेना. "असं काऊन?"

"मी इथी असून तुमी हे केलं. मी नाशिकले गेल्यावर काय काय टाकान, ते डोळ्यासमोर आलं."

सरिता इतकी हसली की तिला ठसका लागला. मी तिच्याकडे वळलो. "तुले माहीत होतं?"

"मले त्याच सांजेले सांगतलं तिनं."

"अन् मले?"

"तुमी तं सगळं ऐकता नं," ती म्हणाली.

उद्यापासून शेडला कुलूप लागणार आहे. किल्ली उर्वशीकडे. मला खिडकीबाहेरून ऐकायची परवानगी आहे.